मक्याच्या प्रदेशातील व्हॉलीबॉल

(तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य आणि पालक यांच्या क्रीडाविषयक मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण.)



शालेय क्रीडास्पर्धांचा मोसम तोंडावर आलेला असताना मुलींच्या खेळासंबंधी काही विचार मांडावेत, अशी सूचना या मेळाव्याच्या संयोजकांनी मला केली. मी कला शाखेची पदवीधर. शारीरिक शिक्षणाचे शास्त्र आपल्यापैकी अनेकांना माझ्याहून कितीतरी अधिक अवगत आहे. तेव्हा खेळ कसा शिकवावा हे सांगण्याचा अधिकार मी घेणार नाही. माझे काम वृत्त गोळा करण्याचे आणि ते लोकांपर्यंत पोहोचविण्याचे आहे. त्या नात्याने एका महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉल संघाच्या एका मोसमाचे वृत्त मी आज आपणांपुढे ठेवणार आहे. हा संघ अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचा असून मोसम २०२३ सालचा आहे.

इतक्या दूरचे उदाहरण कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्या राज्याच्या स्वरूपातच आहे. नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातील शेतीचे राज्य. मका, सोयाबीन आणि गुरेढोरे ही तेथील संपत्ती. क्षेत्रफळाने ते महाराष्ट्राच्या सुमारे दोन-तृतीयांश भरेल; परंतु २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या वीस लाखांच्याही आत, म्हणजे आपल्या गोव्याहून फार मोठी नव्हे. त्या विद्यापीठाच्या संघांना ‘कॉर्नहस्कर्स’ म्हणतात. मक्याची कणसे सोलणारे, असा त्या नावाचा सरळ अर्थ. अमेरिकेतील मोठ्या शहरांत फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल यांच्या नामांकित व्यावसायिक लीगमधील श्रीमंत संघ असतात. नेब्रास्कात त्यांपैकी एकही नाही. अशा या कृषिप्रधान राज्यात विद्यार्थिनींचा व्हॉलीबॉलचा सामना पाहण्यासाठी एका संध्याकाळी ९२,००३ माणसे जमली. ही घटना कशी घडली आणि तिच्या मागे काय होते, हे समजून घेतल्यास आपल्या कामास त्याचा उपयोग होईल, असे मला वाटते.

प्रथम घटना सांगते. विस्कॉन्सिन विद्यापीठाने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या एका सामन्यास १६,८३३ प्रेक्षक जमवून महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलच्या नियमित मोसमातील उपस्थितीचा नवा उच्चांक केला होता. नेब्रास्काच्या लोकांना व्हॉलीबॉलच्या प्रेक्षकसंख्येचा फार अभिमान. हा मान परत मिळविण्याच्या विचारातून थेट विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात सामना भरविण्याची कल्पना पुढे आली. ३० ऑगस्ट २०२३ रोजी, बुधवारी, लिंकन शहरातील मेमोरियल स्टेडियममध्ये उघड्या आकाशाखाली व्हॉलीबॉलचे कोर्ट अंथरले गेले. नेब्रास्काच्या मुलींनी ओमाहा येथील विद्यापीठाच्या संघाचा सरळ तीन सेट्समध्ये पराभव केला. महिलांच्या खेळाच्या सामन्यास लाभलेल्या उपस्थितीचा जागतिक उच्चांक म्हणून त्या संध्याकाळची नोंद झाली. त्यापूर्वीचा ९१,६४८ चा आकडा २०२२ च्या एप्रिलमध्ये बार्सिलोना येथील महिला फुटबॉल सामन्याचा होता. १९७१ साली मेक्सिको शहरातील एका अनधिकृत महिला फुटबॉल स्पर्धेस याहूनही अधिक लोक जमले होते, असे सांगितले जाते. परंतु त्या वादात शिरण्याचे आपणांस कारण नाही. नेब्रास्कातील ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरे वगळली, तर त्या संध्याकाळी स्टेडियममध्ये बसलेल्या माणसांएवढी वस्ती त्या राज्यातील कोणत्याही गावाची नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

या समारंभातील एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते. मुख्य सामन्यापूर्वी त्याच कोर्टवर त्याच राज्यातील दोन लहान संस्थांच्या महिला संघांचा प्रदर्शनीय सामना झाला. कर्नी येथील विद्यापीठ आणि वेन येथील महाविद्यालय असे ते दोन संघ. ज्यांच्या सामन्यांना एरवी अशी गर्दी होणे शक्य नव्हते, त्या मुलींनाही त्या प्रेक्षकांपुढे खेळण्याची संधी मिळाली. यजमान संघाने आपल्या वाट्याची गर्दी शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतली. तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या मोठ्या सामन्याआधी एखाद्या खेड्यातील शाळेच्या मुलींचा सामना ठेवणे आपणांसही अशक्य नाही.

आता मोसमाविषयी. तेथे महाविद्यालयीन व्हॉलीबॉलचा मोसम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि डिसेंबरमध्ये संपतो. म्हणजे शेतात मक्याची काढणी आणि मैदानावर मुलींचे सामने जवळजवळ एकाच वेळी चालतात. २०२३ च्या संघात पहिल्या वर्षाच्या पाच विद्यार्थिनी होत्या. शाळेतून नुकत्याच आलेल्या या मुलींपैकी काहींवर पहिल्याच वर्षी संघाचा भार पडला. चेंडू उचलून देण्याचे काम, ज्याला आपल्याकडे लिफ्टरचे काम म्हणतात, ते बर्गन रायली या प्रथम वर्षाच्या मुलीकडे होते. व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टरचे महत्त्व आपण जाणताच. तीन स्पर्शांपैकी दुसरा स्पर्श बहुधा तिचा. कोणी स्मॅश मारावा हे ती ठरविते. आणि गुणफलक पाहणाऱ्याला मात्र तिचे कर्तृत्व सहसा दिसत नाही. मागे बचाव सांभाळणारी लेक्सी रॉड्रिग्ज ही त्या वेळी तिसऱ्या वर्षात असलेली अनुभवी खेळाडू. फ्लोरिडा विद्यापीठ सोडून त्याच वर्षी नेब्रास्कात आलेली मेरिट बीसन ही जोरकस स्मॅशसाठी प्रसिद्ध. लेनी चोबॉय ही उत्तम बचाव करणारी मुलगी अवघ्या सव्वापाच फूट उंचीची. उंच मुलींचा खेळ म्हणून ज्याची ख्याती आहे, त्या खेळातील देशाच्या अग्रगण्य संघात तिला स्थान मिळाले. उंची बेताची म्हणून एखाद्या मुलीचे नाव यादीतून काढण्यापूर्वी आपण हे उदाहरण आठवावे.

संघाने पहिले सत्तावीस सामने एकामागून एक जिंकले. २१ ऑक्टोबर रोजी लिंकन येथे त्यांची गाठ विस्कॉन्सिनशी पडली. तोपर्यंत दोन्ही संघ अपराजित होते. देशाच्या क्रमवारीत विस्कॉन्सिन पहिल्या आणि नेब्रास्का दुसऱ्या स्थानावर. पाच सेट्सपर्यंत रंगलेला तो सामना नेब्रास्काने ३–२ असा जिंकला. योगायोग असा की, त्यानंतर पाचच दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, आपल्या मडगावच्या फातोर्डा मैदानावर ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचे उद्घाटन झाले. आपल्या येथेही क्रीडेचा उत्सव चालू असताना तिकडे हा मोसम भरात आला होता.

नोव्हेंबरच्या २४ तारखेस विस्कॉन्सिनच्या कोर्टवर या संघाचा पहिला पराभव झाला. तथापि आपल्या विभागाचे अजिंक्यपद त्यांच्याकडेच राहिले. राष्ट्रीय स्पर्धेत पाच सामने जिंकून त्या फ्लोरिडातील टँपा येथे अंतिम फेरीस पोहोचल्या. १७ डिसेंबर रोजी टेक्सस विद्यापीठाविरुद्ध अंतिम सामना झाला, आणि त्यात नेब्रास्काचा सरळ तीन सेट्समध्ये पराभव झाला. पहिला सेट २५–२२ असा चुरशीचा झाला. दुसरा २५–१४ आणि तिसरा २५–११ असा एकतर्फी. टेक्ससच्या मुलींनी सर्व्हिसचा मारा असा केला की, नेब्रास्काचा पहिला पासच नीट बसेना. पहिला पास बिघडला की लिफ्टरला धावत जाऊन चेंडू उचलावा लागतो, आणि मग स्मॅश कोठून येणार हे समोरच्या ब्लॉकला आधीच कळते. सारी इमारत पायाच्या एका दगडावर उभी असते, तशी व्हॉलीबॉलची चढाई पहिल्या पासवर उभी असते. टेक्ससचे ते लागोपाठ दुसरे राष्ट्रीय अजिंक्यपद ठरले.

मोसमाचा हिशेब ३३ विजय आणि २ पराभव असा लागला. ज्या संघाने ऑगस्टमध्ये जगाचा उच्चांक पाहिला, तो डिसेंबरमध्ये रिकाम्या हातांनी परतला. आपल्याकडे अशा वेळी काय घडते, हे आपण सर्वजण जाणतो. एखाद्या शाळेच्या मुली जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात हरल्या, तर पुढल्या वर्षी संघ पाठवावयाचा किंवा नाही, येथून चर्चेस प्रारंभ होतो. मुलांचा संघ हरला तर त्याला सराव कमी पडला असे म्हणतात. मुलींचा संघ हरला तर मुलींना खेळ झेपत नाही असे म्हणतात. नेब्रास्कात असे काही झाले नाही. तेथे २००१ सालापासून या संघाच्या घरच्या प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली जात होती. या पराभवानंतरही ती तशीच विकली गेली. २०२४ मध्ये संघाने पुन्हा ३३ सामने जिंकले. खेळाडूंवरील लोकांचा विश्वास एका संध्याकाळच्या निकालावर अवलंबून नव्हता, म्हणूनच हे घडले.

हा विश्वास कोठून आला, हे आता पाहू. तो एका दिवसात आलेला नाही. १९७२ पूर्वी अमेरिकेतील माध्यमिक शाळांतून खेळणाऱ्या मुलींची संख्या देशभरात तीन लाखांच्याही आत होती. त्या वर्षी तेथे एक कायदा झाला. ज्या शिक्षणसंस्थेस केंद्र सरकारचे अर्थसाह्य मिळते, तिला स्त्री-पुरुष असा भेद करून कोणासही शैक्षणिक उपक्रमापासून वंचित ठेवता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. कायद्याच्या मजकुरात खेळाचा उल्लेखही नव्हता. परंतु शाळा-महाविद्यालयांतील खेळ हा शिक्षणाचाच भाग असल्यामुळे तो नियम खेळासही लागू झाला. आज तेथील माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुलींची संख्या तीस लाखांहून अधिक आहे, आणि मुलींच्या सांघिक खेळांत सर्वाधिक मुली व्हॉलीबॉल खेळतात. अर्थात कायद्याने दार उघडते. आत येऊन कोणी बसावे याची सक्ती कायदा करू शकत नाही. नेब्रास्का विद्यापीठाचा महिला संघ १९७५ साली उभा राहिला. १९७७ पासून १९९९ पर्यंत टेरी पेटिट यांनी त्याला घडविले आणि १९९५ साली पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यांच्यामागून आलेल्या जॉन कुक यांनी २००० साली, आपल्या पहिल्याच वर्षी, एकही सामना न हरता दुसरे अजिंक्यपद मिळविले. २००६, २०१५ आणि २०१७ साली आणखी तीन. २०२५ च्या प्रारंभी ते निवृत्त झाले. म्हणजे १९७७ पासून सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांत या संघाला अवघे दोनच मुख्य प्रशिक्षक लाभले. दर दोन वर्षांनी क्रीडाशिक्षकाची बदली होणाऱ्या शाळेला यातून बोध घेता येईल.

यापलीकडे तीन गोष्टींनी या संघाचा पाया पक्का केला, असे मला दिसते.

पहिली गोष्ट म्हणजे खेड्यांतील शाळा. त्या राज्यातील शालेय व्हॉलीबॉल स्पर्धेत शाळांची विभागणी त्यांच्या विद्यार्थिसंख्येनुसार सहा गटांत केली जाते. त्यामुळे लहान गावातील शाळेला शहरातील हजारो विद्यार्थ्यांच्या शाळेशी पहिल्याच फेरीत झुंज द्यावी लागत नाही. आपल्यासारख्याच शाळांशी खेळून ती राज्य अजिंक्यपदापर्यंत जाऊ शकते. याचे फळ काय, हे एका उदाहरणाने सांगते. जॉर्डन लार्सन ही नेब्रास्कातील हूपर या गावची. त्या गावची वस्ती हजाराच्याही आत. ही मुलगी विद्यापीठाच्या संघातून खेळली, २००६ चे अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघात होती, आणि पुढे अमेरिकेच्या संघातून चार ऑलिंपिक स्पर्धांत खेळून चारही वेळा पदक घेऊन परतली. २०२१ साली टोकियो येथे अमेरिकेच्या महिलांनी व्हॉलीबॉलचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, तेव्हा शेवटचा गुण हिच्याच स्मॅशने मिळाला. आणि २०२३ च्या ज्या मोसमाची हकीकत मी सांगितली, त्या मोसमात ती आपल्या जुन्या संघाची साहाय्यक प्रशिक्षक होती. हजार वस्तीच्या गावातील शाळेत नेट नसते, तर ही मुलगी कोठे असती, याचा विचार आपण करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रसिद्धी. हा विषय माझ्या कामाचा असल्यामुळे त्यावर मी थोडे अधिक बोलेन. त्या राज्याच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने अनेक वर्षे या संघाचे सामने घरोघरी दाखविले. वृत्तपत्रे प्रत्येक सामन्याचा तपशील छापतात. कोणी किती स्मॅश यशस्वी केले, कोणी किती चेंडू उचलून दिले, कोणी किती चेंडू जमिनीलगत वाचविले, या सर्वांची नोंद प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे असते. त्यामुळे मागे उभी राहून चेंडू वाचविणारी मुलगीही लोकांना नावाने ठाऊक असते. आमच्याकडे शालेय स्पर्धांची जी निकालपत्रके येतात, त्यांत मुलांच्या सामन्याचे गुण, कर्णधाराचे नाव, उत्कृष्ट खेळाडूचे नाव असे सर्व असते. मुलींच्या बाबतीत मात्र पुष्कळदा ‘अमुक शाळा विजयी’ एवढी एकच ओळ असते. जे लिहून आलेच नाही, ते कोणी छापावे? सहा मुली भर उन्हात खेळल्या, परंतु कागदावर शाळेखेरीज कोणाचे नाव नाही. त्यांपैकी एखादीने दहा वर्षांनी आपल्या मुलीला ते कात्रण दाखवावयाचे म्हटले, तर तिला काय दाखविता येईल?

तिसरी गोष्ट म्हणजे प्रेक्षक. तेथे आईबाप, शेतकरी, दुकानदार, वृद्ध माणसे मुलींचा सामना पाहण्यास तिकीट काढून जातात. नेहमीच्या बंदिस्त क्रीडागृहात आठ हजारांहून अधिक माणसे बसतात आणि ते भरलेले असते. आपल्याकडे प्रेक्षक येत नाहीत असे म्हणणे बरोबर नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला, त्या रात्री मैदान भरलेले होते आणि घरोघर लोक जागे होते. प्रेक्षक आहेत, गावच्या शाळेच्या मागील कोर्टपर्यंत ते अजून यावयाचे आहेत. पंचायतीच्या सदस्यांनी आणि पालकांनी वर्षातून चार सामन्यांना तास-दीड तास जाऊन बसणे, यास कोणतेही अंदाजपत्रक लागत नाही. बाप बांधावर उभा राहून पाहतो आहे, हे दिसले की मुलीच्या खेळाविषयी गावात बोलणारी पुष्कळशी तोंडे आपोआप बंद होतात.

व्हॉलीबॉल हा खेळ आपल्या गावांस विशेष सोयीचा आहे. १८९५ साली विल्यम मॉर्गन यांनी तो मॅसॅच्युसेट्समधील होलिओक येथे शोधून काढला, तो बास्केटबॉलची धक्काबुक्की ज्यांना नको होती त्यांच्यासाठी. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मिळालेला पहिला सांघिक खेळही व्हॉलीबॉलच. १९६४ साली टोकियो येथे जपानच्या महिलांनी त्यात सुवर्णपदक जिंकले, आणि त्या संघातील बहुतेक मुली सूतगिरणीत काम करणाऱ्या होत्या. या खेळास १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद एवढी जागा पुरते. महिलांसाठी नेटची उंची २.२४ मीटर, लहान मुलींसाठी ती आणखी कमी ठेवावी. एक नेट, दोन खांब आणि एक चेंडू यांवर बारा मुली एकाच वेळी खेळतात. ज्या गावात क्रिकेटचे मैदान निघत नाही, तेथेही शाळेच्या मागे एवढी जागा निघते. जेथे वायंगणाचे पीक घेत नाहीत, तेथे सरदाची भातकापणी झाली की शेते मोकळीच असतात. त्या शेतांत मुले फुटबॉल खेळतात. एका कोपऱ्यात मुलींसाठी नेट बांधण्यास हरकत नसावी.

अडचणींची मला कल्पना आहे. नववी-दहावीत पोहोचलेली मुलगी खेळ सोडते, ती खेळाचा कंटाळा आला म्हणून नव्हे. शाळा सुटल्यावर सराव ठेवला तर तिची शेवटची बस चुकते. कपडे बदलण्यास जागा नसते. घरी धाकटी भावंडे वाट पाहत असतात. परीक्षेचे वर्ष म्हणून खेळ बंद करण्याचा हुकूम बहुधा तिलाच होतो, भावाला होत नाही. या अडचणी कायद्याने सुटणाऱ्या नाहीत. त्या शाळेच्या वेळापत्रकात आणि घरच्या ओट्यावर सुटतील. सराव शाळेच्या वेळेतच, शेवटच्या तासास ठेवला तर बसचा प्रश्न उरत नाही. अभ्यासाची चिंता करणाऱ्या पालकांना मी हेही सांगेन की, त्या देशातील महाविद्यालयीन खेळाडूंना मोसमात आठवड्यास वीस तासांहून अधिक सराव करण्याची परवानगी नसते आणि एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असतो. ऑलिंपिकपर्यंत जाणाऱ्या मुलींना जर अभ्यासासाठी वेळ राखून ठेवावा लागतो, तर आठवड्यातून तीन तास खेळणाऱ्या आपल्या मुलींचा अभ्यास बुडण्याचे कारण नाही.

शेवटी माझी एक विनंती आहे. प्रत्येक शाळेने या वर्षापासून मुलींच्या खेळाची एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. सामन्याची तारीख, स्थळ, प्रतिस्पर्धी शाळा, प्रत्येक सेटचे गुण आणि खेळलेल्या प्रत्येक मुलीचे पूर्ण नाव व इयत्ता तीत लिहावी. कोणाची सर्व्हिस चांगली झाली, कोणी चेंडू वाचविले, कोणी पहिल्यांदाच सामना खेळली, हे दोन ओळींत लिहावे. सामना जिंकला तरी लिहावे आणि हरला तरी लिहावे. त्याची प्रत सामन्यानंतर दोन दिवसांत आमच्या कार्यालयाकडे पाठवावी. जी प्रत वेळेवर येईल, तिच्यातील मुलींची नावे वृत्तात घालून ते वृत्तपत्रांकडे पाठविण्याचे काम आमचे.

आपल्या मुलींना ब्याण्णव हजार प्रेक्षक आपण देऊ शकणार नाही. परंतु मोजून आखलेले कोर्ट, नेमाने मिळणारा तास, वहीत नोंदलेले नाव आणि कडेला बसलेली गावची पन्नास माणसे, एवढे देणे आपल्या हाती आहे. नेब्रास्कातही १९७५ साली याहून फारसे काही नव्हते. या मोसमात आपल्या तालुक्यातील किती शाळा मुलींचा संघ उतरवितात, हे पुढील मेळाव्यात आपण सर्वजण मिळून मोजू.